अंगठ्याविना

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही दोघे मैदानावर पोहोचतो, तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ऊन आलेले असते आणि पायथ्याशी, आम्ही उभे राहतो तिथले गवत अजून दवाने ओले असते. मैदान म्हणजे एका टोकाला मातीचा उंच बांध असलेली साधी लांबट जागा. त्या बांधाला पाठ लावून धनुर्विद्येच्या सरावासाठी चार बट उभे केले आहेत. भाताच्या पेंढ्याचे जाड वळे घट्ट आवळून केलेले, आणि त्यांवर १२२ सेंटिमीटर व्यासाचे कागदी फेस, म्हणजे रंगीत वर्तुळांची निशाणे, पिनांनी लावलेले. अलीकडे चुन्याच्या दोन रेघा आहेत, एक ३० मीटरवर आणि दुसरी ५० मीटरवर. साडेआठच्या आसपास वारा सुटतो, तोपर्यंत आमचा सराव चालतो. गेली तीन वर्षे, पावसाळ्यातले काही रविवार सोडले तर, हा क्रम मोडलेला नाही.

आम्ही एकाच शाळेत शिकवतो. मी मराठी, तो गणित. शाळेत आम्ही एकमेकांना ‘सर’ म्हणतो. मैदानावर आलो की तो मला ‘दादा’ म्हणतो, कारण मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा आहे, आणि मीही ‘अहो-जाहो’ सोडून त्याला ‘भाऊ’ म्हणतो. तो मूळचा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला, सातपुड्याच्या आतल्या एका पाड्यावरचा भिल्ल. नोकरीच्या निमित्ताने साताऱ्यात आला, आणि येताना सामानाबरोबर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन कमानी घेऊन आला. त्या दोहोंपैकी एक आज माझ्या हातात असते.

साताऱ्यात धनुर्विद्या आता नवलाची राहिलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धेत इथली अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत साताऱ्यातच सराव केलेला नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला, आणि त्यानंतर मैदानांवर लहान मुलांची रीघ लागली. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवने टोकियो ऑलिंपिक गाठले होते. ही सगळी मंडळी आधुनिक धनुष्ये वापरतात. कंपाउंडला चाके, भिंग आणि ट्रिगर असतात, रिकर्व्हला, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याला, नेम धरायची साइट आणि तोल सावरणाऱ्या लांब दांड्या असतात, आणि त्यांचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. आमच्या हातात असते ती नुसती बांबूची कमान. तिला साइट नाही, बाण टेकवायला कोरलेली खाच नाही. डाव्या हाताच्या मुठीवर बाण ठेवायचा आणि डोळ्यांनी अंतर तोलायचे. आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ नावाने अशा साध्या कमानींची स्पर्धा होते, आणि अनेक धनुर्धारी तिथूनच पुढे गेले आहेत. राजस्थानच्या आदिवासी मुलखातून आलेला लिंबा राम बांबूच्याच कमानीवर वाढला आणि १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. त्याचे नाव माझ्या मित्राच्या तोंडी घरच्या माणसासारखे येते.

कमानीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिचा स्वभाव कळेपर्यंत मला बाणाविषयी काहीच कळले नव्हते. बांबूची बाहेरची साल, ती हिरवट चकचकीत पाठ, आतल्या गराहून कितीतरी चिवट असते. तिथे धागे दाट असतात. कमान ओढली की तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. म्हणून सालीची बाजू निशाणाकडे आणि गराची बाजू आपल्याकडे ठेवून कमान घडवतात, आणि साल कुठेही खरवडू देत नाहीत. एक धागा तुटला तर तिथूनच कमान उकलते. पेरांच्या गाठी तासायच्या, पण पूर्ण सपाट करायच्या नाहीत. बांबू थंडीत तोडायचा आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, असे माझ्या मित्राचे काका सांगतात. चांदण्याचे मला ठाऊक नाही. थंडीत बांबूतले पिठूळपण कमी असते आणि कीड त्या पिठूळपणालाच येते, हे मात्र खरे आहे. तोडलेला बांबू चिरून सावलीत महिनोन्‌महिने सुकवतात. घाई करणाऱ्याची कमान पहिल्याच हंगामात वाक धरते.

वाक धरण्याचे दुःख मी स्वतः भोगलेले आहे. पहिल्या वर्षी जूनमध्ये अचानक सर आली, आम्ही धावत सामान आवरले, आणि घरी पोहोचल्यावर मी कमान तशीच, दोरी चढवलेल्या अवस्थेत, दाराच्या मागे उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवण झाली. दोरी उतरवली तेव्हा कमान सरळ झालीच नाही. रात्रभर आणि दिवसभर वाकून राहिलेल्या बांबूने ती वाकच अंगी लावून घेतली होती. पस्तीस पौंडांची तिची ओढ कायमची उतरली. ती त्याच्या काकांच्या हातची होती. मी ती घेऊन त्याच्या घरी गेलो, माफी मागितली, आणि तो बराच वेळ काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “दादा, हिला पोरांसाठी ठेवू. दहा मीटरला चालेल.” आज शाळेतली पाचवी-सहावीची पोरे तिच्यावरच शिकतात. त्या दिवसानंतर मैदानावरून निघताना मी आधी दोरी उतरवतो आणि मग चपला घालतो.

पारंपरिक कमानीचा बाण निशाणाकडे सरळ रोखलेलाच नसतो, हे मला सुरुवातीला पटले नव्हते. बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, दोरी मात्र कमानीच्या मध्यावरून धावते. त्यामुळे दोरी सुटली की बाणाला कमानीच्या जाडीला वळसा घालून जावे लागते. तो खरोखरच वाकतो, सापासारखा एकदा इकडे आणि एकदा तिकडे लवतो, आणि कमान ओलांडल्यावर सरळ होत आपल्या रेषेवर येतो. बाण फार ताठ असेल तर त्याला लवता येत नाही आणि तो डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे जातो. त्यामुळे बाण कमानीला जुळावा लागतो. माझा मित्र नवे बाण घेऊन बसतो तेव्हा एकेक बाण दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मध्यावर हलकेच दाबतो, डोळे मिटून. एक डावीकडे, एक उजवीकडे, एखादा सरळ मागे सरपणाच्या ढिगात. त्यानंतर पिसे. एका बाणाची तिन्ही पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत, कारण डाव्या आणि उजव्या पंखांच्या पिसांची वळणे उलट असतात, आणि ती मिसळली तर बाणाला फिरकी मिळत नाही. तिन्हींतले एक पीस वेगळ्या रंगाचे लावतात. बाण दोरीवर चढवताना ते कमानीपासून दूर, आपल्या बाजूला ठेवायचे, म्हणजे उरलेली दोन कमानीला घासत नाहीत. हे सगळे तो गणिताच्या तासाला प्रमेय मांडावे तशा शांतपणे सांगतो.

सरावात मात्र तो फारच थोडे बोलतो. आम्ही दोघेच असलो तरी तो शिट्टीचा नियम पाळतो: दोन शिट्ट्या झाल्या की रेघेवर यायचे, एक झाली की बाण सोडायला सुरुवात, तीन झाल्या की बाण आणायला पुढे जायचे. दोघांच्याही कमानी खाली टेकल्याशिवाय रेघ कोणी ओलांडत नाही. बाण काढताना एक तळहात फेसवर बाणाच्या दोन्ही बाजूंनी दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने बाण सरळ मागे ओढायचा, आणि ओढण्यापूर्वी मागे कोणी उभे नाही ना हे पाहायचे. बाणाचे मागचे टोक डोळ्यात जाऊ शकते. मला हे नियम सुरुवातीला दोघांपुरते जास्तीचे वाटले होते. आता त्या तीन शिट्ट्या ऐकल्याशिवाय माझा पायच पुढे पडत नाही.

मी बाण सोडत असतो तेव्हा तो निशाणाकडे पाहत नाही. माझ्या मागे, थोडा उजवीकडे उभा राहून तो माझे कोपर आणि माझी बोटे पाहतो. “बाण कुठे लागला ते तुम्ही बघा दादा, मी हात बघतो,” असे त्याने पहिल्या आठवड्यातच सांगितले होते. धनुर्विद्या हा एकट्याचा खेळ आहे असे म्हणतात, आणि रेघेवर उभा राहिलेला माणूस एकटा असतोही. पण स्वतःचा रिलीज, म्हणजे दोरी सोडण्याची क्रिया, कोणालाही स्वतःला दिसत नाही. डोळे समोर असतात आणि बोटे जबड्याखाली. दोरी सुटते त्या क्षणी बोटे सैल झाली की बाहेर झटकली गेली, हे फक्त मागे उभा असलेलाच सांगू शकतो. माझी बोटे झटकत असत. सहा-सात महिने झटकत राहिली. सुटताना हात गालापासून दूर फेकला जाई आणि बाण डावीकडे जात. तो दर वेळी एवढेच म्हणे, “हात मागं जाऊ द्या, बाहेर नको.”

गुणांविषयी आमचे मत सुरुवातीला जुळत नव्हते. एका रविवारी ३० मीटरवर माझे सहांपैकी तीन बाण पिवळ्यात, म्हणजे फेसच्या मधल्या वर्तुळांत, लागले, त्यातला एक तर दहाच्या वर्तुळात, म्हणजे चहाच्या बशीएवढ्या जागेत. उरलेले तीन कुठेकुठे पांगले होते. मी आनंदात होतो. त्याने फेसकडे पाहिले आणि नुसतीच मान हलवली. पुढे महिन्याभराने माझे सहाच्या सहा बाण निळ्यात लागले, डावीकडे खाली, पाच-सहा गुणांच्या पट्ट्यात. त्याने पुढे जाऊन आपला पंजा त्या बाणांवर धरला, आणि सगळे बाण त्याच्या पंजाखाली झाकले गेले. “हे बघा, आता जमलं,” असे तो म्हणाला. मग मला कळले. बाण एका ठिकाणी लागतात याचा अर्थ हात दर वेळी तेच करतो आहे. जागा चुकली असेल तर नेम सरकवता येतो. पण हातच दर वेळी वेगळे करत असेल तर पिवळ्यात लागलेल्या बाणाचे श्रेय कोणाला द्यायचे?

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले त्याकडे येतो.

पहिल्याच दिवशी त्याने मला दोरी कशी धरायची ते दाखवले. तर्जनी बाणाच्या वर, मधले बोट आणि अनामिका बाणाच्या खाली, दोरी पहिल्या पेराच्या सांध्यात. “आणि अंगठा आत घ्या. तळहातात दुमडून करंगळीवर टेकवा. त्याला काही काम नाही.” मी तसे केले. अंगठ्याला काही काम नाही हे वाक्य मात्र माझ्या कानात राहून गेले, कारण मी अठरा वर्षे मुलांना एकलव्याची गोष्ट सांगत आलो होतो, आणि अंगठा गेला म्हणजे धनुर्विद्या संपली हाच त्या गोष्टीचा शेवट असे. गुरुपौर्णिमेच्या भाषणांतही मी ती सांगितली होती, गुरुदक्षिणेचा आदर्श म्हणून, आणि मुलांचे डोळे पाणावलेले पाहून मला समाधान वाटले होते.

त्या दिवशी मी त्याला काही विचारले नाही. विचारायचा धीर झाला तो दुसऱ्या पावसाळ्यात. सराव थांबला होता, आम्ही पत्र्याच्या शेडखाली बसलो होतो, आणि तो दोरीला मेण घासत होता. मी विषय काढल्यावर त्याने आजोबांविषयी सांगितले. त्यांच्या कामठीला, म्हणजे कमानीला, सुताची दोरीही नसे. बांबूच्याच सालीची पातळ पट्टी काढून ती दोरी म्हणून लावलेली असे. ते बाणाचे शेपूट तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरून ओढत, अंगठा दोरीला लागू देत नसत. लहानपणी याने एकदा अंगठ्याने चिमटीत धरून बाण ओढला तेव्हा आजोबांनी त्याचा हात थांबवला आणि म्हणाले, “अंगठा दिला तो दिला. दिलेली वस्तू परत वापरायची नसते.” हे सांगताना माझ्या मित्राच्या आवाजात राग नव्हता, अभिमानही नव्हता. घरातली एखादी रीत सांगावी तसे त्याने ते सांगितले, आणि पुन्हा मेण घासू लागला.

घरी येऊन मी आदिपर्व काढले. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट मूळ शब्दांत मी प्रथमच लक्ष देऊन वाचत होतो. अंगठा देऊन झाल्यावरही तिथे एक श्लोक आहे, आणि तो मी अठरा वर्षांत कधी सांगितला नव्हता. त्यात म्हटले आहे की त्यानंतर तो निषादपुत्र बोटांनी बाण ओढू लागला, पण त्याची गती पूर्वीसारखी राहिली नाही. म्हणजे तो थांबला नव्हता. त्याने नवी पकड शोधली आणि तो बाण मारत राहिला. गेली ती फक्त गती.

गतीच का गेली, हे बाण ओढणाऱ्याला लगेच समजते. अंगठ्याने दोरी ओढण्याची पद्धत आशियाच्या मोठ्या भागात होती. मध्य आशियातले घोडेस्वार, इराणी, मोगल असेच ओढत आणि अंगठ्याला दोरी कापू नये म्हणून दगडाची किंवा हस्तिदंताची अंगठी घालत. त्या पद्धतीत बाण कमानीच्या उजव्या अंगाला राहतो, हात भात्यातून येतो तो थेट दोरीवर बसतो, आणि बाणामागून बाण भराभर सुटतात. आपल्याकडच्या धनुर्वेदातही, म्हणजे धनुर्विद्येवरच्या जुन्या शास्त्रातही, दोरी धरण्याच्या पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी, काकतुंडी अशा पाच मुठी सांगितल्या आहेत, आणि सिंहकर्णीत तर्जनीचे टोक अंगठ्याच्या मध्यावर टेकते. अशा विद्येत अंगठा मागणे म्हणजे नेम मागणे नव्हे, वेग मागणे होते. द्रोणांना ते नीट ठाऊक असणार. ते धनुर्विद्येचे आचार्य होते. त्यांनी नेमकी तीच वस्तू मागितली जी गेली की अर्जुनाच्या पुढे कोणी राहणार नाही, आणि हे लिहिताना माझे मन अजूनही जड होते, कारण ती मागणी मी वर्षानुवर्षे मुलांसमोर थोरपणा म्हणून मांडली.

आणि आज? ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्य ओढणारा जगातला जवळजवळ प्रत्येक खेळाडू, कोरियाचा असो की फ्रान्सचा, दोरी तीन बोटांनी ओढतो आणि अंगठा आत दुमडून घेतो. ही पद्धत तिकडे युरोपातून आली, तिचा एकलव्याशी संबंध नाही, हे मला माहीत आहे आणि मी तसा संबंध जोडणार नाही. पण दूरचित्रवाणीवर त्या खेळाडूंचा हात जवळून दाखवतात तेव्हा माझी नजर त्या दुमडलेल्या अंगठ्यावरच जाते.

यंदा सातवीच्या वर्गात मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वेळी अंगठ्याशी थांबलो नाही. श्लोकाचा अर्थ सांगितला. वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, नुसत्या बोटांनी ओढता येतं?” मी उजवा हात पुढे केला आणि तिन्ही बोटांच्या पहिल्या पेरांवर पडलेले घट्टे तिला दाखवले. तिने एकेका घट्ट्याला बोट लावून पाहिले. पुढच्या रविवारी ती वडिलांना घेऊन मैदानावर आली.

तिला कमान देण्यापूर्वी माझ्या मित्राने तिला दोरी चढवायला शिकवले. खालचे टोक डाव्या पायाच्या घोट्यासमोर अडकवायचे, उजवा पाय कमान आणि दोरी यांच्या मधून पलीकडे टाकायचा, कमानीचे पोट मांडीच्या मागच्या बाजूला टेकवायचे आणि अंगाच्या भाराने ती हळूहळू वाकवत वरचा फास टोकावर सरकवायचा. माझ्या हातून वाक धरलेली तीच जुनी कमान होती. मुलीला ती दुसऱ्याच प्रयत्नात जमली. मग तो म्हणाला, “आता दोरी बरोबर बसली का बघ.” कमान आणि दोरी यांच्यातले अंतर ठरावीक असावे लागते; कमी असले तर दोरी मनगटावर फटका मारते, जास्त असले तर कमानीवर ताण येतो. ते मोजायला पट्टी लागत नाही. त्याने तिची मूठ वळवून कमानीच्या मुठीवर टेकवली आणि तिला अंगठा ताठ उभा करायला सांगितले. अंगठ्याचे टोक दोरीला अलगद लागले.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “आता अंगठा आत घे.” आणि त्याने एक शिट्टी वाजवली.